घरात मावणारी आगगाडी

स्मरणिकेत प्रत्येक मजल्यावरून निदान एक तरी लेख यावा असं संपादक मंडळाने ठरवलं, आणि माझ्या वाट्याला "काका, तुम्ही तुमच्या आगगाडीवर लिहा" असा हुकूम आला. एकोणतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाने ठेवींच्या व्याजदरावर लिहिलं असतं तर ते वाचलं कुणी असतं? तेव्हा आगगाडीच. आपल्यापैकी बहुतेकांनी ती गणपतीच्या मांडवात पाहिली आहे. काही जुन्या सभासदांनी २०११ साली एका रविवारी आमच्या पॅसेजमध्येही पाहिली, पण ती हकीकत पुढे येईल.

मांडवात लोक विचारतात, इंजिन कुठून आणलं, किती पैसे पडले, सिग्नल खरे का? खरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तो म्हणजे, जागा किती? या छंदाचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास हा मुख्यतः जागेचा इतिहास आहे. चौरस फुटांचा हिशोब करूनच घरं घेतलेल्या आपल्यासारख्यांना तो पटकन कळावा.

सुरुवात भातुकलीपासून करावी लागते. जर्मनीत गोपिंगेन गावी थिओडोर मेर्कलिन नावाचा कारागीर १८५९ पासून बाहुलीघरासाठी पत्र्याची छोटी भांडी करत असे. तो लवकर वारला आणि त्याची पत्नी कॅरोलिन हिने धंदा नेटाने चालू ठेवला. भातुकलीच्या धंद्यात एक गंमत असते. एकदा चूल घेतली की तवा लागतो, तवा घेतला की पोळपाट लागतो, गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येतं. मेर्कलिनांच्या पुढच्या पिढीने १८९१ च्या लाइपझिगच्या जत्रेत हीच युक्ती आगगाडीला लावली. चावीच्या गाड्या आधीही मिळत, पण त्या सुट्या खेळणी होत्या. मेर्कलिनांनी गाडीबरोबर रूळ दिले आणि रुळांची मापं नंबर देऊन कायम केली. आज इंजिन घ्या, दिवाळीला सांधा घ्या, पुढच्या वर्षी फलाट घ्या, सगळं एकमेकांना जोडलं जाणार. माझ्या मते रेल्वेची 'मांडणी' किंवा हल्ली म्हणतात तो 'लेआउट' त्या दिवशी जन्माला आला. कारण रूळ वाढवता येतात म्हटल्यावर पहिला प्रश्न उभा राहतो, वाढवून न्यायचे कुठे?

त्या मापांत सर्वांत लहान होता एक नंबर, दोन रुळांत ४५ मि.मी. अंतर. दोन आणि तीन नंबर त्याहून मोठे. बड्या लोकांच्या दिवाणखान्यात ते सहज मावत. पण मध्यमवर्ग गाडी मागू लागला तेव्हा एकाहून लहान माप हवं झालं आणि आकडे तर खाली संपलेले. म्हणून नवीन मापाला 'शून्य नंबर' म्हणू लागले. शून्य म्हणजे ३२ मि.मी. या शून्याला इंग्रजीत 'ओ' वाचायची पद्धत पडली आणि आजही ती ओ गेजच आहे. माणसाला जागा कमी पडते हे आधी न ओळखल्याचा हा पुरावा सव्वाशे वर्षं टिकून आहे.

इथे दोन शब्द वेगळे करून ठेवतो. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. स्केल म्हणजे खऱ्या गाडीपेक्षा आपली गाडी किती पट लहान. शून्य नंबरची गाडी साधारण पंचेचाळीस पट लहान असते, देशोदेशी थोडा फरक.

इंग्लंडमध्ये नॉर्दम्प्टनच्या बॅसेट-लोक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन कारखान्यांकडून इंग्लिश धाटणीच्या गाड्या बनवून घेऊन विकल्या. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन माल नकोसा झाला आणि लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी, आपल्या ओळखीच्या मेकॅनोचे जनक, १९२० मध्ये शून्य नंबरच्या गाड्या घेऊन उतरले. त्यांपैकी एक गाडी १९५७-५८ च्या सुमारास मी दादरला वडिलांच्या मामांकडे पाहिली. चावीची, हिरवी. जेवणाचे पाट उचलून झाले की मामा स्वतः जमिनीवर रूळ मांडत, आम्ही मुलांनी भिंतीला टेकून बसायचं, हात लावायचा नाही. गोल वळणाची एकच फेरी, ती खोलीभर. गाडी आठ-दहा फेऱ्या मारून दमायची. मग मामी म्हणायच्या, "आवरा आता, अंथरुणं घालायचीत." तेवढ्याच जमिनीवर आधी पाट, मग आगगाडी, मग अंथरुणं. लेआउट डिझाइनचा पहिला धडा मला मामींनी दिला.

अंथरुणाची अडचण युरोपातही होतीच. जमिनीवरची गाडी टेबलावर घ्यायची म्हणून १९२२ च्या सुमारास शून्याच्या निम्मी, १६.५ मि.मी. रुळांची गाडी निघाली. निम्मं शून्य म्हणजे 'हाफ झीरो', हेच एचओ, ८७ पट लहान. आज जगात सर्वांत जास्त हेच चालतं. इंग्रजांनी मात्र इथे एक घोळ केला. त्यांची खरी इंजिनं युरोप-अमेरिकेपेक्षा अंगाने बारीक, त्यात त्या काळची मोटर बसेना. मग त्यांनी इंजिनाचं अंग थोडं वाढवलं, ७६ पट लहान केलं, पण रूळ बदलले नाहीत. हे झालं ओओ. हॉर्नबींच्या कारखान्याने १९३८ मध्ये 'डब्लो' या नावाने तेच रूढ केलं. परिणामी इंग्लंडच्या चार फूट साडेआठ इंची रुळांवरची गाडी घरात चार फूट दीड इंची रुळांवर धावते. काही निष्ठावंतांनी हे सहन न होऊन स्वतः १८ मि.मी.चे रूळ बनवायला घेतले. त्यांच्यापैकी एकाबद्दल पुढे सांगायचं आहे.

आपण मात्र इंग्रजांना हसू नये. आपली ब्रॉडगेज साडेपाच फुटी. एचओमध्ये ती बरोबर दाखवायची तर रुळांत १९.३ मि.मी. अंतर हवं. बाजारात मिळतात १६.५ चे. म्हणजे तयार रुळांवर भारतीय गाडी धावली की आपण साडेनऊ इंच गिळलेले असतात. ऑडिटमध्ये असा फरक निघाला असता तर माझी पेन्शन अडकली असती.

युद्धानंतर घरं आणखी लहान झाली आणि गाड्याही. न्यूरेंबर्गच्या आर्नोल्ड कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला नऊ मि.मी. रुळांची गाडी आणली, तिला एन म्हणतात. जर्मन 'नॉइन', इंग्रजी 'नाइन', आणि आपल्या 'नऊ'लाही तो 'न' चालून जातो. जपानमध्ये, जिथे घरं आपल्या वन बीएचकेला लाजवतील, हेच माप घरोघरी गेलं. १९७२ मध्ये मेर्कलिनने साडेसहा मि.मी.चं झेड काढलं, २२० पट लहान. वर्णमालेचं शेवटचं अक्षर, यापुढे कोण जातो, असा हिशोब. लोकांनी ब्रीफकेसमध्ये झेडची अख्खी गावं वसवली. पुढे जपानने तीन मि.मी.चीही गाडी करून दाखवली. मला तो नाद परवडणारा नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही एनचा डबा रुळावर ठेवताना माझा हात थरथरतो. जागा वाचवावी तितके डोळे आणि बोटं खर्ची पडतात, तेव्हा स्केल निवडताना खोलीबरोबर स्वतःचं वयही मोजावं.

आता कुणाला वाटेल, पुरेसं लहान केलं की सगळं मावेल. नाही मावत. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली. तेवढा मार्ग एचओमध्ये केला तर होतो ३९० मीटर, आणि झेडमध्येही दीडशे मीटरच्या वर. बरं, मार्ग सोडा. चोवीस डब्यांची एक मेल एचओमध्ये सहा मीटर लांब, आपल्या कुठल्याच विंगमधल्या हॉलमध्ये ती सरळ उभी राहणार नाही. ब्रॉडगेजवर १७५ मीटर त्रिज्येचं वळण अगदी तीव्र मानतात. ८७ ने भागलं तर दोन मीटर, म्हणजे गाडी नुसती वळवून परत आणायला चार मीटर रुंदी. म्हणून घरातली वळणं खोटीच असतात. अमेरिकेत अठरा इंच त्रिज्येचं वळण रूढ झालं, कारण ते आठ बाय चारच्या प्लायवर बसतं. आपल्याकडेही प्लाय आठ बाय चारच मिळतो, हा एक दिलासा.

चढाचंही तेच. भोर घाटाचा चढ ३७ ला १. घरात एका रुळावरून दुसरा रूळ पुलाने न्यायचा तर सव्वातीन इंच तरी उंची लागते. भोर घाटाच्या चढाने ती गाठायला दहा फूट रूळ खर्ची पडतो आणि उतरायला पुन्हा दहा. खऱ्या इंजिनिअरांनाही जागेने छळलंच होतं. १८६३ मध्ये घाट सुरू झाला तेव्हा खंडाळ्याजवळ गाडी एका सुळक्याच्या टोकाला जाऊन थांबे, इंजिन मागच्या बाजूला लागे आणि गाडी उलट्या दिशेने पुढची वाट धरी. वळायला डोंगरात जागाच नव्हती. १९२९ पर्यंत हे चाललं. घरच्या मांडणीत फळी संपली की आम्ही हाच उपाय करतो.

म्हणजे डिझाइन याचा अर्थ काय काय बसवलं हा नव्हे, काय काय गाळलं हा आहे. हे इंग्लंडमध्ये सर्वांत चांगलं सिरिल फ्रीझर यांना कळलं होतं. 'रेल्वे मॉडेलर' मासिकाचे ते अनेक वर्षं संपादक होते आणि त्यांचे वाचक म्हणजे चाळवजा घरांत राहणारे, तुमच्या-आमच्यासारखे. ते म्हणत, गोल फेऱ्या मारणारी गाडी कुठेच जात नाही. त्यापेक्षा एकच स्टेशन नीट करा आणि उरलेलं जग पडद्याआड ठेवा. पडद्यामागे चार-पाच साधे रूळ, तिथे हाताने गाड्या लावायच्या. मराठी माणसाला हे समजवावं लागत नाही. नाटकात पात्र विंगेतून येतं आणि विंगेत जातं. ते मुंबईहून आलं म्हणालं की आपण मानतो. तशी गाडी विंगेतून फलाटावर येते.

१९५७ मध्ये फ्रीझरांनी 'मिनरीज' नावाचा आराखडा छापला. लंडनच्या गर्दीतलं एक शेवटचं स्थानक, सुमारे सात फूट लांब, फूटभर रुंद. दुहेरी मार्ग तीन फलाटांना असा जोडलेला की कुठल्याही फलाटावरून गाडी आत-बाहेर करता यावी आणि डब्यांना नागमोडी हिसका बसू नये. चार फलाटांवर अख्खी पश्चिम उपनगरं उतरवणारं आपलं चर्चगेट डोळ्यांसमोर आणा. जागा कमी असली की काम वाढतं, आणि खेळणाऱ्याला काम हवंच असतं. सत्तर वर्षं होत आली, लोक अजून मिनरीज बांधताहेत.

फ्रीझरांचं 'सिक्स्टी प्लॅन्स फॉर स्मॉल रेल्वेज' मला फोर्टच्या फुटपाथवर मिळालं, तेव्हा मी बँकेत नवा होतो. त्या काळी आयात केलेली गाडी घेणं पगारात बसणारं नव्हतं. तेव्हा गाडी नाही, रूळ नाहीत, फक्त आराखडे. जालना, परभणी, रत्नागिरी, जिथे बदली होईल तिथल्या भाड्याच्या खोलीचं माप घ्यायचं आणि चौकटीच्या वहीत त्या खोलीत बसणारी रेल्वे काढायची. आमच्या सौभाग्यवतींना पहिली काही वर्षं वाटायचं, मी घर बांधायच्या तयारीला लागलोय.

अमेरिकेत सगळंच मोठं. तिथे घराखाली तळघर असतं. जॉन आर्मस्ट्राँग नावाच्या इंजिनिअरने १९६३ मध्ये रूळ-आराखड्यांवर पुस्तक लिहिलं, ते आजही या विषयातलं मूळ पुस्तक मानतात. त्यांची पद्धत मला बँकवाली वाटते. आधी दोन याद्या करा. एक, जे बदलता येणार नाही: खोली, दारं, वळणाची त्रिज्या, खिसा. दुसरी, जे मिळालं तर हवं आहे. मग वळणाच्या त्रिज्येवरून एक चौरस ठरवा आणि तो खोलीत किती वेळा बसतो ते पाहा. जेवढे चौरस, तेवढंच कर्ज मंजूर. स्वप्नं पुष्कळ, तारण तेवढंच.

कॅलिफोर्नियात मॉन्टेरी इथे जॉन अॅलन नावाचे छायाचित्रकार होते. त्यांनी साधारण साडेतीन बाय पावणेसात फुटांच्या फळीवर एक छोटी रेल्वे केली आणि पुढे तळघर भरून टाकणाऱ्या प्रचंड मांडणीत ती पहिली फळी तशीच सामावून घेतली. जमिनीपासून डोक्यावरपर्यंत गेलेले डोंगर, पूल, दऱ्या, आणि खोली मोठी दिसावी म्हणून शिताफीने लपवलेले आरसे. रेल्वेचं नाव इंग्रजीत मोठ्याने वाचलं की 'रक्तबंबाळ आणि पराभूत' असं ऐकू येई, असा त्यांचा विनोद. जगभरच्या छांदिष्टांनी त्यांचे फोटो कापून ठेवले, मीही ठेवले. जानेवारी १९७३ मध्ये अॅलन हृदयविकाराने गेले. त्यानंतर दहाएक दिवसांतच घराला आग लागली आणि मांडणी जवळपास सगळी जळाली. पंचवीसेक वर्षांचं काम. ती त्या घराचाच भाग झालेली होती, बाहेर काढण्यासारखी नव्हती.

याउलट इंग्लंडचे पीटर डेनी. हे धर्मोपदेशक, म्हणजे आमच्यासारखेच बदलीवाले. महायुद्धानंतर लगेच त्यांनी 'बकिंगहॅम' नावाची रेल्वे करायला घेतली. वर सांगितलेल्या १८ मि.मी.वाल्या निष्ठावंतांपैकी हे एक. इंजिनं, डबे, रूळ, स्थानकं, बहुतेक सगळं हाताने केलेलं. एका पॅरिशमधून दुसरीकडे जायचं तर रेल्वेही न्यायची, म्हणून ती पहिल्यापासून सुट्या फळ्यांची. दुसऱ्या टोकाच्या स्थानकावर मुलगा जे काम करायचा, ते करणारं यंत्रही त्यांनी सुट्या भागांतून जुळवलं आणि मुलाच्या नावावरून त्याला 'ऑटोमॅटिक क्रिस्पिन' म्हटलं. डेनी गेले, पण बकिंगहॅम आहे. एका जाणकार चाहत्याने फळ्या आपल्याकडे नेल्या, पुन्हा जोडल्या आणि ती अजून वेळापत्रकाप्रमाणे चालते.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी काय केलं ते ऐका. २००१ मध्ये व्हीआरएस घेतली, त्याच पैशांतून हा फ्लॅट. कर्वे रोडला भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वेचं संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झालं होतं. एचओमधलं ते आख्खं धावतं शहर मी पाच-सहा वेळा पाहून आलो होतो आणि डोकं फिरलं होतं. लंडनहून भाच्याने ओओचा एक संच आणला. मागच्या बेडरूममध्ये सहा बाय चारची मांडणी उभी केली, डोंगर बावीस इंच उंच, दोन बोगदे. सात-आठ वर्षं सुखात गेली. मग मुलाचं लग्न ठरलं, बेडरूम मोकळी करणं आलं. मांडणी आडवी करून दारातून काढली. पॅसेजमध्ये वळवायला गेलो आणि अडकली. पुढे जाईना, मागे येईना. ज्या माणसाने तीस वर्षं कागदावर वळणांच्या त्रिज्या मोजल्या, त्याने स्वतःच्या पॅसेजचं वळण मोजलं नव्हतं.

आमची ही स्वयंपाकघरात अडकली होती, मी बाथरूमच्या बाजूला. शेजारच्या दादांनी करवत आणली. रविवारी भरदुपारी दोन तास करवत चालली, त्याबद्दल तक्रारवहीत नोंद झाली ती रास्तच होती. डोंगराचे तुकडे जिन्यात मांडून ठेवले. वॉचमन विचारत होता, "साहेब, हे गणपतीचं का?" मी रडलो नाही, पण दोन दिवस जेवणावर वासना नव्हती.

त्यातून वाचलेल्या रुळांवर आज जी फळी आहे ती चार फूट बाय नऊ इंच. ॲलन राइट नावाच्या इंग्रजाने एका आडगावच्या मालधक्क्यावरून ही मांडणी बेतली, तिला 'इंगलनूक' म्हणतात. तीन रूळ, दोन सांधे, एक इंजिन, आठ मालडबे. एका रुळावर पाच डबे मावतात, बाकी दोहोंवर तीन-तीन. चिठ्ठ्या टाकून पाच डब्यांची नावं आणि क्रम काढायचा आणि फक्त शंटिंग करून ती गाडी तयार करायची. सोपं वाटतं. आठांतून पाच क्रमाने लावायचे तर ८ × ७ × ६ × ५ × ४, म्हणजे ६७२० प्रकार होतात. रोज एक केला तरी अठरा वर्षं पुरेल. चार फुटांत इतकं काम मला बँकेतही कुणी दिलं नव्हतं.

फळी एकट्याला काखेत मारून नेता येते, लिफ्टमध्ये उभी राहते. मांडवात तीन गणपती झाले, आता सी विंगमधली सातवीतली एक मुलगी मला सहज हरवते. बदली झाली की आम्ही चार्ज देताना किल्ल्या, कॅश, रजिस्टरं यांची यादी देत असू. तशी यादी मी फळीच्या खाली चिकटवून ठेवली आहे: कुठली तार कुठे जाते, कुठला सांधा अडकतो, तेल कुठे घालायचं आणि कुठे मुळीच घालायचं नाही. सही आणि तारीख आहे. चार्ज घेणाऱ्याच्या सहीची जागा मोकळी आहे. मुलगी म्हणते, बारावीनंतर बघू.

एक विनंती. मागच्या गणपतीत आरतीच्या गडबडीत एक डबा गहाळ झाला आहे. निळा, चार चाकांचा, तीन-सव्वातीन इंच लांब, एका बाजूची कडी वाकलेली. सात डब्यांत प्रकार ६७२० वरून २५२० वर येतात, आणि मुलीला ते फार सोपं जातं. पार्किंगमध्ये, कुंड्यांत किंवा कुणा लहानग्याच्या खेळण्यांत सापडल्यास वॉचमनकडे द्यावा.